मावशी, यंदा बिंदगं कुणी उचलायचं?

नाताळ, येळवस म्हणजे शेतातली वेळ अमावस्या, थर्टीफर्स्ट आणि मग संक्रांत, हे दिवस जवळ आले की तुमच्या पत्रांचा सूरच बदलतो, एरवी सासू-सुनेचं नाहीतर पोरांच्या मार्कांचं विचारणारी माणसं एकदम देवाचं विचारायला लागतात. यावेळी चार पत्रं घेतलीत. नावं तुमच्याच सांगण्यावरून काढलीत, लांब पत्रं थोडी कमी केलीत. शेवटच्या पत्रानं मला दोन रात्री झोप लागली नाही, त्याला जास्त जागा दिलीय, बाकीच्यांनी राग मानू नका.

प्रश्न : मावशी नमस्कार. मी जालन्यात राहते, माहेर परतूरकडचं. सहा वर्षांपूर्वी लव्ह मॅरेज झालं, मिस्टर ख्रिश्चन आहेत. सासूबाई खूप चांगल्या आहेत, मी मार्गशीर्षातले गुरुवार करते, आईनं लावून दिलेलं व्रत आहे, त्यांनी कधी नको म्हणलं नाही, उलट घटासाठी नारळ त्याच आणून देतात. पण माझी आई नाताळाला आली की चहा पिऊन निघते, आमच्या फराळाला हात लावत नाही. 31 तारखेला रात्री सगळे वॉच नाईटला चर्चमध्ये जातात, मी गेले तर आईला वाईट वाटतं, नाही गेले तर इथं चर्चा होते. आणि मुलगी चार वर्षांची झाली, ती विचारते मम्मी आपण कोण आहोत. मी काय सांगू?

उत्तर : पोरी, आधी तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. नारळ आणून देणारी सासू, तीही दुसऱ्या धर्माची, हे साधं नाही.

तुमच्या जालन्याजवळच बेथेल गाव आहे, तुला माहीतच असेल, ते रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेलं. ब्राह्मण घरातला माणूस, 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत पण मिशनऱ्यांकडं राहायला गेला, तेव्हा बाप कोर्टात गेला आणि पोरगं परत आणलं, तर आता ह्याला जातीत घ्यायचं का नाही यावरून मुंबईत केवढा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकर त्या पोराच्या बाजूनं उभे राहिले, शुद्ध करून घ्या परत म्हणले, तर लोकांनी त्यांनाच धारेवर धरलं. हे सगळं सांगायचं कारण, त्या वेळी देवापायी घर कोर्टात गेलं होतं, आणि आज तुझ्या घरात घटाचा नारळ तुझी ख्रिश्चन सासू आणते. आपण किती पुढं आलो ते बघ आणि मग आईचा विचार कर, म्हणजे आईवर राग येणार नाही. तिला वेळ लागेल.

फराळाचं सांगते. आपले मराठी ख्रिश्चन नाताळाला करंज्या, शंकरपाळे, चकल्याच करतात, म्हणजे आईला पदार्थ परका नाही, हात परका वाटतो. तर यंदा तिला नाताळाच्या दिवशी बोलवूच नको. चार दिवस आधी बोलव, करंज्या लाटायच्या दिवशी. सासूबाईंनी सारण करावं, आईनं पाऱ्या लाटाव्यात, तू तळ. स्वतःच्या हातानं केलेली करंजी कुठली आई टाकून जाते? आणि तरीही नाही खाल्ली तर नाही खाल्ली, आग्रह करू नको, आणि कृपा करून "हे मीच केलंय" असं खोटं सांगून खाऊ घालू नको, ते उघडं पडलं की सहा वर्षांचं सगळं पाण्यात.

वॉच नाईटला जा. नवऱ्याच्या शेजारी बसून सरत्या वर्षाचे आभार मानायला कुठल्या आईची हरकत असेल, तिला फोन करून आधीच सांग, दुसऱ्याकडून कळू देऊ नको. एक लक्षात ठेव, तिथं प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, असलं तर बहुतेक मंडळ्यांत ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं, तू बाकावर शांत बसून राहिलीस तर त्यात कुणाचा अपमान नाही. तसंच सासूबाईंनी तुझ्या गुरुवारच्या हळदीकुंकवाला नुसतं बसावं, ओटी-कुंकवाचा आग्रह तू करू नये. 2024 ला आठवतंय का, शेवटचा गुरुवार 26 डिसेंबरला आला, नाताळाच्या दुसऱ्याच दिवशी आणि वर एकादशी, उद्यापन करावं का नाही यावरून आमच्या गल्लीत बायकांचं किती दिवस चालू होतं. तुझ्या घरात त्या दिवशी केक पण असेल आणि वरीचा भात पण, हो ना?

आणि मुलीला खरं सांग. आजी आणि पप्पा येशूची प्रार्थना करतात, मम्मी लक्ष्मीची पूजा करते, तू सगळ्यांची लाडकी. चार वर्षांच्या लेकराला एवढं पुरतं. मोठी झाल्यावर ती जास्त विचारेल तेव्हा तुम्ही दोघं नवरा-बायको एकत्र बसून सांगा, तू एकटी उत्तर देऊ नको.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर दरवर्षी 1 जानेवारीला भांडणं होतात, आपलं नवीन वर्ष गुढीपाडव्याला, मग हॅपी न्यू इयर का म्हणायचं? माझे सासरे तर नातवानं शुभेच्छा दिल्या म्हणून रागावले. (बीड)

उत्तर : सासऱ्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पाडवा आपलाच. आमच्याकडं सालगड्याचं साल पाडव्यालाच संपतं आणि पाडव्यालाच नव्यानं ठरतं, व्यापाऱ्याची वही दिवाळीच्या पाडव्याला बदलते, शाळेचं वर्ष जूनमध्ये. एका माणसाला वर्षात तीन-चार नवीन वर्षं असतातच की. भिंतीवरचं कॅलेंडर 1 जानेवारीला बदलतं आणि त्यावर आपण एकादशी-चतुर्थी बघतो, दुधाचा हिशोब लिहितो. नातू त्या दिवशी येऊन पाया पडला असेल तर आजोबांनी डोक्यावर हात ठेवावा, आणि पाडव्याला त्याच नातवाला काठी धुवायला, कडुलिंबाचा डहाळा आणायला सोबत न्यावं. बस, एवढंच.

प्रश्न : मी नांदेड जिल्ह्यातला, खंडोबा आमचं कुलदैवत, माळेगावची यात्रा आम्ही कधी चुकवली नाही. मुलगा 20 वर्षांचा, छत्रपती संभाजीनगरला इंजिनीअरिंगला आहे. गेल्या वर्षी त्यानं तळी, म्हणजे खंडोबाचं भंडाऱ्याचं ताट, उचलायला नकार दिला, म्हणला मी मानत नाही, खोटं खोटं कशाला करू. वडील 78 वर्षांचे, त्यांनी दोन दिवस जेवण सोडलं. यंदा पोरगा म्हणतो मी यात्रेला येतच नाही, रूमवरच थांबतो. बायको रोज रडते. पोराला कसं समजवावं?

उत्तर : भाऊ, तुमच्या पोराचं एक वाक्य मला फार आवडलं, खोटं खोटं कशाला करू. त्यानं देवाला नाही म्हणलं असेल पण खोटेपणाला पण नाही म्हणलंय, आणि हे संस्कार तुमच्याच घरातले आहेत. आधी हे वडिलांना सांगा, पोराला नंतर.

आपल्या मराठवाड्याच्या मातीत देवाविषयी शंका, प्रश्न, परीक्षा हे नवीन नाही. तेरला गोरोबाकाकांच्या घरी सगळे संत जमले होते, मुक्ताबाईनं म्हणलं काका बघा बरं कुठलं मडकं कच्चं, काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर थापटत गेले, बाकी सगळे गप्प बसले, नामदेव चिडले. कच्चं ठरलं ते रोज विठ्ठलाशी बोलणाऱ्या नामदेवाचं मडकं! मग ते औंढ्या नागनाथाला गेले तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले, नामदेव म्हणले पाय काढा, विसोबा म्हणले म्हातारा झालोय बाबा, जिथं देव नाही तिथं तूच उचलून ठेव. तुम्ही ही गोष्ट शंभरदा कीर्तनात ऐकली असेल. मी पण ऐकलीय, पण मला त्यात दरवेळी एक गोष्ट दिसते, नामदेवांना कुणी रागावून घालवलं नाही, भाजायला वेळ दिला. तुमचं पोरगं 20 वर्षांचं आहे हो.

माझे वडील शिक्षक होते, ते पण मानायचे नाहीत. पण माळेगावला दरवर्षी यायचे. आमची बैलगाडी असायची तेव्हा, मार्गशीर्षाच्या शेवटाला थंडी कशी असते तुम्हाला माहीत आहे, पहाटे गाडी सोडली की ते बैलांना पेंड चारायचे, घोंगडी पांघरून गाडीपाशी बसायचे, आई-काकू दर्शनाला जायच्या आणि आम्हा लेकरांना ते घोड्यांचा बाजार, उंट, गाढवं सगळं दाखवून आणायचे, कुठल्या घोड्याचे दात कसे बघायचे ते पण. आई परत आली की त्यांच्या कपाळाला भंडारा लावायची. ते वाकायचे नाहीत आणि पुसायचे पण नाहीत. रात्री झोपेपर्यंत तो पिवळा पट्टा तसाच. चाळीस वर्षं हे चाललं आणि आमच्या घरात देवावरून एकदाही तोंडातोंडी झाली नाही.

तर यंदा पोराला एवढंच म्हणा, तळी उचलू नको, पण आजोबांना गर्दीत एकट्यानं चालवत नाही, तू गाडी चालव आणि त्यांचा हात धर. त्याला नवस-मानपानाच्या खर्चावर बोलायचं असेल तर बोलू द्या, ऐका, त्यातलं बरचसं खरं असेल. वडिलांना सांगा, त्याला तिथं सगळ्यांपुढं "येळकोट म्हण" असं करू नका, एकदा जरी जबरदस्ती झाली तर पुढच्या वर्षी तो रूमवरच राहील आणि मग फोन पण उचलणार नाही. आणि बायकोचं रडणं मला कळतं, तिला वाटायलंय पोरगं देवापासून गेलं म्हणजे आपल्यापासून गेलं. तसं नाही बाई. तो सुट्टीत घरी येतोय तोवर तसं नाही.

प्रश्न : मावशी, हे पत्र लिहिताना हात थरथरायलाय. आम्ही लातूर जिल्ह्यातले, औसा तालुक्यात शेती. सासरे श्रावणात गेले. आता येळवस आली. आमच्याकडं दरवर्षी शेतातल्या कोपीपाशी, खोपटापाशी, चाळीस-पन्नास माणूस जेवायचं, आंबिलीचं बिंदगं, म्हणजे मडकं, सासरेच डोक्यावर घेऊन जायचे, पांडवांना चुना पण तेच लावायचे, दुसऱ्या कुणाला लावू द्यायचे नाहीत. यंदा धाकटे दीर पुण्याहून म्हणतात दुखवट्याचं वर्ष आहे, येळवस नको, आम्ही त्या सुट्टीत गोव्याला जातोय. माझे मिस्टर गप्प आहेत. आणि सासूबाई म्हणतात कोप घाला, काळ्या आईला उपाशी ठेवायचं नसतं. पण भावकीतल्या एका चुलत सासूनं तोंडावर सांगितलं की पूजा करा पण तुझ्या सासूनं हात लावायचा नाही, तिनं लांब बसावं. सासूबाई तेव्हापासून काहीच बोलत नाहीत. परवा मी बघितलं, त्या एकट्याच मागच्या खोलीत बिंदगं पुसत बसल्या होत्या. काय करू?

उत्तर : बाई, तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. वेळ अमावस्या म्हणजे आमची येळवस, मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर-धाराशिवकडं आणि शेजारी कर्नाटकात करतात, तिकडं तिला एळ्ळु अमावस्या म्हणतात, एळ्ळु म्हणजे तीळ. 2024 ला 30 डिसेंबरला होती, 2025 ला 19 डिसेंबरला, तिथीप्रमाणं मागंपुढं होते. त्या दिवशी लातूर शहरात रस्ते ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याची कोप घालायची, आत पाच दगड मांडून चुना लावायचा, ते पांडव, त्यांची पूजा, मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर, तिळाची पोळी, धपाटे. आणि आंबील शिंपडत पिकाला फेरी मारायची, होलगे होलगे सालन पलगे म्हणत, दर गावात शब्द थोडे वेगळे. रस्त्यानं जाणारा अनोळखी माणूस पण हाक मारून जेवायला बसवायचा.

आता दुखवट्याचं. आमच्या गावाकडं वर्ष सरेपर्यंत गोडधोड आणि थाट करत नाहीत, पण शेताची पूजा कुणी बंद ठेवलेली मी बघितली नाही. माझे सासरे गेले त्या वर्षी आमच्या घरी चूल पेटवायची कुणाची इच्छा नव्हती. दुपारी बांधावर बघते तर शेजारच्या तीन कोपींतून माणसं आली, एकानं आंबील आणली, एकीनं भज्जीचं पातेलं, एक म्हातारी नुसती पानात बांधून बोरं आणि हिरव्या चिंचा घेऊन आली, तिच्याकडं दुसरं काही नव्हतं. सासूबाईंना मधी बसवून सगळे जेवले, फारसं कुणी बोललं नाही. दुखवटा असा पण काढतात. म्हणून चाळीस-पन्नास माणूस बोलवू नका, खीर-पोळी नका करू वाटलं तर, पण कोप घाला.

दिरांवर चिडू नको. गोव्याचं निमित्त आहे, मला तर वाटतं बाप नसलेल्या शेतात पाय ठेवायची भीती वाटायलीय त्यांना. पुण्यात बसून माणूस असं धरून राहू शकतं की दादा, म्हणजे तुझे सासरे, अजून गावाकडं आहेत, शेतात आहेत. कोपीपाशी आलं की तसं राहत नाही. त्यांना मेसेज करू नको, ग्रुपवर तर मुळीच नको, तुझ्या मिस्टरांना फोन करायला सांग, भावानं भावाला. आणि या म्हणून विनंती नको, काम सांगा. म्हणावं पांडवांना चुना कोण लावणार, मला जमत नाही, दादांचं तू बघितलंयस ना. गोव्याला दुसऱ्या दिवशी जाऊ देत, खुशाल जाऊ देत, त्यात काही पाप नाही.

आता जे खरं दुखायलंय ते. सासूबाईंनी हात लावायचा नाही. का? त्या शेतात जोंधळा कुणी खुरपला, हरभरा कुणी खुडला, कापूस कुणी वेचला? येळवसची भज्जी पहाटे तीनला उठून कुणी केली इतकी वर्षं, तूर सोल, वाटाणा सोल, चुका-चाकवत निवड, ताकात पीठ कालव, बोटं हिरवी होईपर्यंत? काळ्या आईला तिचे हात चालत होते, आता नवरा गेला म्हणून एका श्रावणात ते हात बाटले? मला हे पटत नाही, मी लिहून देते की पटत नाही, आणि ज्यांना वाईट वाटायचं त्यांना वाटू द्या.

कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाड म्हणून गाव आहे, शिरोळ तालुक्यात. तिथल्या ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये ठराव केला, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनं बाकी ग्रामपंचायतींना पण त्याचं अनुकरण करा म्हणून परिपत्रक काढलं. म्हणजे हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही, आपल्यासारख्याच शेतकरी गावानं बसून ठरवलेलं आहे. तुझ्या मिस्टरांना हे वाचून दाखव. ते गप्प आहेत म्हणतेस, पण या वेळी त्यांनी बोलायचंय, तू बोललीस तर "सून शिकवायली" होईल. थोरल्या मुलानं भावकीत एकदा शांतपणे सांगितलं की पूजा माझी आई करणार, तर दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही. त्या चुलत सासूला पण तोडू नका. त्यांच्यावर पण कधीतरी कुणीतरी हेच लादलं असेल. त्यांना येळवसला बोलवा, पहिलं पान त्यांना वाढा, पण पूजेच्या वेळी सरकू नका.

सासूबाईंना आधी विचारून घ्या मात्र. त्यांचीच इच्छा नसेल, त्यांना रडू आवरणार नाही असं त्यांना वाटत असेल, तर जबरदस्तीनं पुढं ढकलू नका, तो पण त्रासच आहे. पण तू लिहिलंयस त्या बिंदगं पुसत बसल्या होत्या. बाई, ज्या बाईला जायचं नाही ती बिंदगं पुसत नाही. तू जाऊन जवळ बस, काही विचारू नको, फक्त म्हण, आई, आंबिलीला ज्वारी किती दळून आणू? त्या काय उत्तर देतात त्यावरून तुला कळेल.

बिंदगं उचलायचं म्हणशील तर घरातल्या कुणीही उचलावं, तुझे मिस्टर, दीर आले तर दीर, नाहीतर तुझा मोठा मुलगा. बिंदगं नेताना पांघरायची घोंगडी तीच ठेवा, सासऱ्यांची. बांधापर्यंत पोरानं न्यावं आणि तिथून कोपीपर्यंत सासूबाईंनी घ्यावं, त्यांची मान दुखत नसेल तर. पिकाला फेरी मारताना त्या पुढं, बाकी मागं. होलगे होलगे कुणी मोठ्यानं म्हणायचं ते ठरवू नका, पोरं म्हणतील आपोआप, त्यांना काय दुखवटा कळतो.

आणि एक, आंबील आदल्या रात्रीच लावा. त्या दिवसांत थंडी लई असते, ताक आंबट नसलं तर चढत नाही, म्हणून दोन दिवस आधी विरजण लावून ठेव. ज्वारीचं पीठ ताकात कालवून शिजवून घे, लसूण-मिरची वाटून घाल, मीठ थोडं हात राखून. मग माठ चुलीच्या उबेला ठेव, वरून फडकं बांध. सकाळी सासूबाईंना चाखायला दे, मीठ त्यांना सांगू दे.